वाढणारी शाळा: आमची झेडपीची शाळा गेममध्ये बांधली त्याची हकीकत

आमच्या झेडपीच्या शाळेची प्रतिकृती मी ‘सिटीज: स्कायलाइन्स’ या शहर वसवायच्या गेमसाठी बनवली. जून २०२२ ला हात घातला, जानेवारी २०२३ ला संपलं. त्या सात महिन्यांतलं संगणकावरचं काम दोन महिन्यांचंही नसेल, बाकीचा वेळ वाट बघण्यात आणि सही-शिक्क्यात गेला. अशा कामाची मराठीत कुठे माहिती सापडली नव्हती, म्हणून तारखांची वही समोर ठेवून लिहिते आहे.

मी साताऱ्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. (ड्राफ्ट्सवुमन कोणी म्हणत नाही, मीही नाही.) दिवसभर दुसऱ्यांचे बंगले काढायचे आणि रात्री स्वतःचं शहर वसवायचं, हा नाद भाच्यामुळे लागला. त्याने पहिल्यांदा ‘सिमसिटी’ दाखवला, २०१३ सालचा. त्यात मला शहरापेक्षा सरकारी इमारतीच जास्त आवडल्या. दवाखाना एकदम अख्खा मिळत नाही. आधी लहानसा बांधायचा, मग पैसे आले की वॉर्ड जोडायचा, रुग्णवाहिकेचं गॅरेज जोडायचं. शाळेला वर्ग जोडायचे, स्कूलबसची जागा जोडायची. नगरपालिकेलासुद्धा अर्थ, शिक्षण, वाहतूक असे विभाग एकेक करून चिकटवायचे. शेजारी जागा सोडली नसेल तर मात्र बसा बोंबलत, कारण त्या गेममधलं शहर जेमतेम २ किलोमीटर बाय २ किलोमीटरचं.

पुढे ‘स्कायलाइन्स’वर आले (तो २०१५ चा), तिथे जमीन भरपूर, पण प्राथमिक शाळा म्हणजे ३०० मुलांची एकसंध इमारत. ठेवली की झाली. २०१९ च्या ‘कॅम्पस’ या विस्तारात विद्यापीठ तुकड्यातुकड्यांनी उभं करता येऊ लागलं, प्राथमिक शाळेचं नशीब काही उघडलं नाही. आता यवतेश्वर घाटाच्या पायथ्याची आमची शाळा १९५८ सालच्या एका दगडी खोलीपासून वाढत वाढत सहा खोल्यांची झालेली. ती एकदम ठेवायची म्हणजे खोटं बोलल्यासारखं वाटत होतं. ठरवलं की खोल्या सुट्ट्या करायच्या. पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढ्या जोडता येतील अशा.

१८ जून, शनिवार. सकाळची शाळा होती. मोठ्या बाईंना भेटले, म्हटलं मोजमाप आणि भिंतींचे फोटो पाहिजेत.

“कशासाठी?”

“गेमसाठी.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ताई, तुम्ही या शाळेच्या माजी विद्यार्थिनी, मला काही अडचण नाही. पण उद्या कोणी विचारलं की बाहेरच्या बाईला टेप घेऊन का फिरू दिलं, तर मी काय सांगू? अर्ज करा. केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ दे आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घेते.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. अर्जात ‘उद्देश’ या ओळीपाशी माझं घोडं अडलं. शेवटी ‘शाळेच्या इमारतीची संगणकीय प्रतिकृती तयार करणे’ असं लिहिलं. तुम्हीही ‘गेम’ हा शब्द तोंडी सांगा, कागदावर नको, त्यावरून पुढच्या टेबलावर हसू आणि प्रश्न दोन्ही वाढतात. सोबत आधारची झेरॉक्स आणि साध्या कागदावर हमीपत्र: काम शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत करेन, मुलांचे फोटो काढणार नाही. ही दुसरी ओळ मी आपणहून घातली होती. समितीच्या बैठकीत तिच्यामुळेच विषय पाच मिनिटांत मंजूर झाला, असं बाईंनी नंतर सांगितलं. २९ जूनला ठराव, ८ जुलैला पत्र.

पत्र हातात आलं आणि पाऊस लागला. आमच्याकडचा जुलै म्हणजे छत्री उघडून उपयोग नाही, पाऊस आडवा येतो. ९ तारखेला तरी गेले. टेपचं दुसरं टोक धरायला भाचा. वहीची शाई पसरली, टेप चिखलाने अडकायला लागला, दगडी खोलीची एक बाजू मोजून घरी आलो. ती बाजूही चुकीची मोजली होती, हे ऑक्टोबरात कळलं. सातारच्या पश्चिमेला कुठलंही मोजमाप दसऱ्याआधी काढू नका.

दरम्यान दुसरी खटपट चालू होती. इमारतीचा मूळ नकाशा मिळाला तर अर्धं काम वाचेल म्हणून ४ जुलैला माहितीच्या अधिकारात अर्ज केला. महाराष्ट्रात हा अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात करायचा, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. माहिती कशाला पाहिजे हे सांगायचं बंधन कायद्यात नाही, तेव्हा इथे ‘उद्देश’ची भानगड नव्हती. मी फक्त ‘शाळेच्या वर्गखोल्यांच्या मंजूर नकाशांच्या प्रती, १९५८ ते २०१५’ असं मोघम मागितलं आणि तिथेच चुकलं. एकेका खोलीचं साल, योजना आणि कोनशिलेवरचा मजकूर लिहून मागायला हवं होतं. मोघम अर्जाला मोघम उत्तर मिळतं.

माझ्या अर्जाला तर तेही मिळालं नाही. ३० दिवसांची मुदत ३ ऑगस्टला संपली. ८ तारखेला जाऊन विचारलं, तर “जुने अभिलेख आहेत मॅडम, शोध चालू आहे.” शोध कुठे चालू होता ते समोरच दिसत होतं. कपाटावर लाल कापडात बांधलेले गठ्ठे आणि त्यांवर मागच्या वर्षीच्या पावसाचे डाग. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्याच एका क्लार्कबाईंनी मला पुढची वाट दाखवली. त्या हळूच म्हणाल्या, “अपील टाका. अपील टाकलं की गठ्ठा सुटतो.”

१२ ऑगस्टला पहिलं अपील केलं, ‘जोडपत्र ब’, स्टँप २० रुपयांचा. मग गणपती आले. १५ सप्टेंबरला सुनावणी झाली. मी घाबरून पांढरा ड्रेस, फाइल, पाण्याची बाटली असा जामानिमा करून गेले होते. प्रत्यक्षात सात मिनिटं लागली. अपिलीय अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि “दहा दिवसांत द्या” म्हणाले. २६ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नकाशाची प्रत हातात पडली. एरवी प्रतीला पानामागे २ रुपये आणि मोठ्या नकाशाला जो खर्च येईल तो घेतात, पण मुदत उलटून गेली की माहिती फुकट द्यावी लागते. तेव्हा नकाशाचा एकूण खर्च ३० रुपये आणि चार अर्ध्या रजा.

नकाशा एकच सापडला, १९८६ सालच्या दोन विटांच्या खोल्यांचा. पण तो उघडला आणि मी ऑफिसात उभीच राहिले. दगडी खोलीला लागून दोन खोल्या ठळक रेषेत, आणि त्याच ओळीत पुढे आणखी तीन खोल्या तुटक रेषेत. त्यांवर वळणदार हस्ताक्षरात ‘भावी विस्तार’. म्हणजे सहा खोल्यांची सरळ रांग कोणीतरी १९८६ मध्येच मनात मांडून ठेवली होती. आज शाळेला खोल्या तेवढ्याच आहेत, सहा. फक्त शाळा सरळ नाही. दोन विटांच्या खोल्यांनंतर ती काटकोनात वळते आणि उरलेल्या तीन खोल्या बाजूच्या बोळाकडे तोंड करून उभ्या आहेत. का वळली?

उत्तर दिवाळीच्या सुट्टीत मिळालं. २८ ऑक्टोबर, भाऊबीज उरकून दोन दिवस झाले होते, ऊन स्वच्छ. ३० मीटरचा नवा टेप (४२० रुपये), भाचा, आणि दुपारच्या चहाची थर्मास. विटांच्या शेवटच्या खोलीच्या कडेला गेले आणि पाहिलं, त्या बाजूला भिंतीचा कोपरा सपाट नाही. एक वीट बाहेर, एक आत, एक बाहेर, एक आत, जमिनीपासून स्लॅबपर्यंत. गिलावा तिथपर्यंत येऊन थांबलेला. वर स्लॅबच्या कडेतून सळया बाहेर, गंजून तांबूस झालेल्या. आणि या सगळ्यापासून हातभर अंतरावर सिमेंटची पाण्याची टाकी, तिच्यावर रंगवलेलं साल १९९२. खोलीची जागा टाकीने घेतली. पुढच्या तीन खोल्या, १९९९ ची एक आणि सर्व शिक्षा अभियानातल्या २०११ च्या दोन, मग कोपऱ्यावरून वळवल्या. भिंतीचे दात मात्र तसेच, छत्तीस वर्षं.

आता मोजमाप. हा भाग कंटाळवाणा आहे, पण ज्याला करायचंय त्याने वाचावा. ‘स्कायलाइन्स’मध्ये जमिनीची चौकट ८ मीटर बाय ८ मीटरची, त्याला सेल म्हणतात. इमारतीचा प्लॉट सेलच्या हिशेबात. आमची विटांची खोली आत २५ फूट लांब, म्हणजे ७.६२ मीटर, अधिक एक सामाईक ९ इंची भिंत, झाले ७.८५. सेलला १५ सेंटिमीटर कमी. काय योग म्हणायचा! मागेपुढे खोली आणि व्हरांडा धरून साडेआठ मीटरच्या वर जातं, म्हणून खोल दोन सेल घेतले आणि उरलेलं अंगण केलं. आधी मी प्रामाणिकपणे ७.८५ च ठेवलं. गेममध्ये दोन खोल्या शेजारी ठेवल्या तर मधल्या फटीतून हिरवं गवत दिसायचं. शेवटी खोली १५ सेंटिमीटर ताणली. मोठ्या बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “ताणा, ताणा. पहिली-दुसरी एकत्र बसतात, तेवढीच एका बाकाची जागा.”

मॉडेल ब्लेंडर या त्रिमितीय आकार काढायच्या प्रोग्राममध्ये केलं, ते फुकट आहे. ऑटोकॅडची सवय असणाऱ्याला पहिले आठ दिवस रडवतं. त्यातून मॉडेलची एफबीएक्स फाइल काढायची, गेमच्या ‘इम्पोर्ट’ फोल्डरमध्ये ठेवायची. रंगाच्या चित्राच्या नावाशेवटी अंडरस्कोर आणि डी, उठावाच्या चित्राला एन, चकाकीच्या चित्राला एस, हे अक्षर चुकलं की गेम ते चित्र ओळखत नाही. फाइलचं नाव रोमन लिपीतच ठेवा. चित्रांची मापं ५१२, १०२४ अशी दुपटीच्या हिशेबातली. पहिल्यांदा आणली तेव्हा शाळा काडेपेटीएवढी आली, आणि आडवी पडलेली. माप शंभर पट केलं, नव्वद अंशांत फिरवली, मग उभी राहिली. लांबून दिसणारं हलकं मॉडेल गेम आपोआप करतो, पण त्यात आमचा कौलारू उतार वितळलेल्या गुळासारखा दिसला. ते हातानेच केलं.

खर्चाचं मोठं कलम इथेच. लॅपटॉपला ८ जीबी रॅम होती, गेममधला इमारती बनवायचा एडिटर उघडून पाणी प्यायला जाऊन यावं लागायचं. जुन्या बाजारातून आणखी ८ बसवली, १,८०० रुपये.

डिसेंबरात खरी पंचाईत झाली. खोल्या शेजारी शेजारी नीट बसत होत्या, पण कॅमेरा फिरवला की स्लॅबवर सांध्यापाशी झिरमिळ्या उठायच्या, टीव्हीला मुंग्या याव्यात तशा. कारण समजायला चार रात्री गेल्या. प्रत्येक खोलीला मी दोन्ही टोकांना दीड फुटाचा छज्जा काढला होता. शेजारच्या दोन खोल्यांचे छज्जे एकमेकांच्या स्लॅबमध्ये घुसून एकाच उंचीवर येत होते. कुठला पृष्ठभाग दाखवायचा हे गेमला ठरवता येईना.

त्या रविवारी आमच्या गल्लीतल्या तात्यांकडे गेले होते, वेगळ्याच कामाला. तात्या गवंडी, १९८६ च्या खोल्यांवर त्यांनी हाताखाली काम केलेलं. लॅपटॉप सोबत होता म्हणून दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, बोटाने स्क्रीनवर छज्जा पुसल्यासारखा केला.

“आगं पोरी, मधल्या भिंतीला छज्जा कोण काढतं? छज्जा शेवटच्या भिंतीला. जी भिंत थांबलीया, तिला दात सोडायचे, सळी सोडायची, आन गप बसायचं.”

रात्री बारापर्यंत बसून सगळं उपसलं. तुकडे नव्याने पाडले. ‘पहिली खोली’ दगडी, तिला पायऱ्या आणि घंटा. ‘मधली खोली’, तिला डावी भिंत नाहीच, उजवीकडे छज्जा नाही आणि कोपऱ्यांना दात सोडलेले. हे दात प्लॉटच्या बाहेर अर्धी वीट जातात. पुढे खोली जोडली की तिच्या लांब भिंतीच्या जाडीत गडप होतात. नाही जोडली तर दिसत राहतात, जसे आमच्या शाळेचे दिसतात. ‘शेवटची खोली’ छज्ज्यासकट, आणि एक ‘कोपऱ्याची’. झिरमिळ्या गेल्या.

दुसरी अडचण उताराची. प्रत्येक इमारत स्वतःच्या प्लॉटपुरती जमीन सपाट करते. सपाटीवर झकास दिसणारी शाळा आमच्यासारख्या उतारावर ठेवली की एक खोली वर, एक खाली, आणि व्हरांड्याखालून आकाश. उपाय सोपा आहे, जोतं जमिनीच्या खाली ३ मीटरपर्यंत वाढवून ठेवायचं. सपाटीवर ते पुरलं जातं, उतारावर दगडी जोतं म्हणून दिसतं. खोल्यांच्या पातळ्या मात्र वरखाली राहतात. मी ते दुरुस्त केलं नाही. आमच्या शाळेतही दगडी खोलीतून विटांच्या खोलीत जाताना दोन पायऱ्या चढाव्या लागतात. तिथे पडून दुसरीत माझं ढोपर फुटलं होतं.

विद्यार्थी किती धरायचे? गेममधल्या मूळ शाळेत ३००. मी खोलीमागे ३० ठेवले. शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, पाचवीपर्यंत साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक असा हिशेब आहे, तो धरून. बांधकामाचा आणि देखभालीचा खर्चही मूळ शाळेच्या एक दशांश केला, म्हणजे दहा खोल्या जोडणाऱ्याचा फायदा नको आणि तोटाही नको. एक अट राहिलीच. अशी इमारत रस्त्याला टेकलेली असावी लागते, मागच्या रांगेत ठेवली की ‘रस्ता नाही’ अशी खूण डोक्यावर येते. कोपऱ्याचा प्लॉट घेतला तर दोन्ही हातांना रस्ता मिळतो, आणि शाळा आपोआप आमच्यासारखी वळते. पण मी मोह धरला होता तो नकाशातल्या सरळ रांगेचा. चाचणीच्या शहरात लांब सरळ रस्त्यावर सहाच्या सहा खोल्या ओळीने लावल्या, ‘भावी विस्तार’ पुरा केला आणि त्याचंच चित्र वर्णनाला लावलं.

२२ जानेवारीला ‘स्टीम’ या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या वर्कशॉपवर, म्हणजे खेळणारे आपण बनवलेल्या वस्तू एकमेकांना देतात तिथे, चढवली. यादीतलं छोटं चित्र १०९ बाय १०० पिक्सेलचं लागतं, त्यात सहा खोल्या मावत नाहीत, घंटेचं घेतलं. पहिल्यांदा चढवताना वर्कशॉपचा करार मान्य करावा लागतो. मी ती खिडकी न वाचता बंद केली होती आणि दोन दिवस शाळा माझ्याशिवाय कुणालाच दिसत नव्हती.

(मध्यंतरी, २४ ऑक्टोबर २०२३ ला, गेमचा दुसरा भाग आला. त्यात प्राथमिक शाळेला जादा विंग आणि खेळाचं मैदान जोडायची सोय मुळातच आहे. माझा लॅपटॉप तो उचलत नाही, तेव्हा त्याबद्दल ज्याने खेळलाय त्याने लिहावं.)

२६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर बाईंनी लॅपटॉप दगडी खोलीतल्या टेबलावर ठेवायला लावला. जिलेबीचे हात लांब ठेवा असं दहादा सांगून मुलांना बोलावलं. चौथीतल्या एका मुलीच्या हातात माउस दिला. तिने दगडी खोली ठेवली, तिला लागून विटांची, मग आणखी एक, मग चौथी त्याच ओळीत. मागची पोरं ओरडायला लागली, “आगं वळव, वळव की!”

तिने हात थांबवला. “कशाला वळवू? सरळ बसतीया.”

“टाकी हाय तिथं.”

तिने स्क्रीनवर शोधलं, मग माझ्याकडे बघितलं. “ताई, टाकी कुठाय? मग पाणी कुठनं प्यायचं?”

टाकी मी केलीच नव्हती. घरी जाऊन त्या रात्री केली. एक सेल, चार तोट्या, एका तोटीला बांधलेली चिंधी, वर १९९२. ती जागेवर ठेवली की चौथी खोली ओळीत बसत नाही, कोपऱ्यावर वळवावी लागते.